प्रवेशाचं विचारा: मार्क जास्त पण पर्सेंटाइल कमी, असं कसं?

निकाल लागले की आमच्याकडे येणारी निम्मी पत्रं एकाच विषयाची असतात, त्यामुळे या वेळी बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न: मुलीला इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला, म्हणजे सीईटीला (पीसीएम, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स ग्रुप) १२२ मार्क आहेत, आन्सर की घेऊन आम्ही स्वतः मोजले. पर्सेंटाइल आला ९१. तिच्याच क्लासमधल्या मैत्रिणीला ११६ मार्क आणि पर्सेंटाइल ९३. वर तिन्ही विषयांचे पर्सेंटाइल वेगळे आणि टोटलचा वेगळा, त्यांची सरासरी काढली तरी जुळत नाही. मुलगी धड जेवत नाहीये. तक्रार कुठे करायची?
(एक बाबा, भांडुप)

उत्तर: दादा, आधी पोरीला जेवायला बसवा, तिचं काही चुकलेलं नाही. दोघींचे पेपर वेगवेगळ्या दिवशी किंवा वेगवेगळ्या शिफ्टला झाले असणार, हॉल तिकीट बघा म्हणजे कळेल. सीईटी लाखो मुलं देतात, सगळ्यांना एकाच वेळी बसवता येईल इतके कॉम्प्युटर नाहीत, म्हणून पेपर बऱ्याच शिफ्टमध्ये होतो आणि प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा असतो. मग एखाद्या शिफ्टचं गणित सोपं जातं, एखाद्या शिफ्टची मुलं डोळे पुसत बाहेर येतात. अशा वेळी नुसते मार्क शेजारी ठेवून काहीच ठरवता येत नाही.

पर्सेंटाइल काढतात तो असा, की तुमच्या मुलीच्या शिफ्टला जितकी मुलं बसली त्यातल्या किती जणांना तिच्याइतके किंवा तिच्यापेक्षा कमी मार्क पडले ते मोजायचं, त्याला शिफ्टच्या एकूण मुलांनी भागायचं आणि १०० ने गुणायचं. समजा तिच्या शिफ्टला १०,००० मुलं होती आणि त्यातली ९,१०० तिच्या बरोबरीला किंवा मागे, तर झाले ९१. मैत्रिणीच्या शिफ्टचा पेपर अवघड होता, तिथे ११६ वरच ९,३०० मुलं मागे राहिली, तर तिचे ९३. म्हणजे हा आकडा मार्कांचा नाहीच, रांगेतल्या जागेचा आहे. ९१ पर्सेंटाइल म्हणजे ९१ टक्के नव्हेत, हे घरातल्या आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना सगळ्यांना एकदा सांगून टाका, त्या गैरसमजातून मुलांना फार बोलणी बसतात.

आता सरासरीचं. टोटलचा पर्सेंटाइल हा तिन्ही विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी नसतोच, २०० पैकी जे एकूण मार्क पडले त्यांची रांग परत वेगळी लावतात. त्यामुळे फिजिक्स ९२, केमिस्ट्री ९०, मॅथ्स ९३ आणि टोटल ९४ असंही येऊ शकतं, कारण फिजिक्सला जो मुलगा पुढे आहे तो केमिस्ट्रीला मागे पडतो, तुमची मुलगी तिन्हीकडे सारखी असेल तर एकूणात वर जाते. त्यात गणिताला १०० मार्क आणि बाकी दोघांना ५०-५०, म्हणजे गणिताचं वजन तसंही दुप्पट.

ही पद्धत न्याय्य आहे का? माझं मत, जवळपास आहे, पूर्ण नाही. प्रत्येक शिफ्टला साधारण सारख्याच तयारीची मुलं आली असं धरून हे गणित चालतं, आणि हजारो मुलं असली की ते बऱ्यापैकी खरं ठरतं. पण कोणत्या शिफ्टला किती मार्कांवर किती पर्सेंटाइल गेला हा तक्ता मुलांसमोर ठेवायलाच हवा, तो त्यांचा हक्क आहे. पेपरच चुकला तर मात्र कुठलंही गणित कामाला येत नाही. २०२५ साली २७ एप्रिलच्या सकाळच्या शिफ्टला गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्याय चुकले होते, त्या मुलांची परीक्षा ५ मेला परत घ्यावी लागली. म्हणून आन्सर की आली की त्याच मुदतीत, फी भरून, हरकत घ्यायची असते. निकालानंतर शिफ्टविषयी तक्रार करून पर्सेंटाइल बदलेल अशी आशा धरू नका. त्यापेक्षा कॅपचा (सगळ्या कॉलेजांच्या एकत्रित प्रवेश प्रक्रियेचा) फॉर्म भरताना कॉलेजांचे गेल्या वर्षीचे कटऑफ पर्सेंटाइल काढून बसा, मार्क विसरा. आणि एक लक्षात असू द्या, समजा ३ लाख मुलं असतील तर एका पर्सेंटाइलमध्ये ३,००० मुलं उभी असतात, त्यामुळे ऑप्शन फॉर्ममध्ये चार-पाच नावं टाकून थांबू नका, भरपूर टाका.

प्रश्न: इंजिनिअरिंगला सीईटीच बघतात तर बारावीकडे दुर्लक्ष केलं तर चालेल ना?
(विद्यार्थी, कळवा)

उत्तर: नाही रे बाबा. मेरिट सीईटीचं हे खरं, पण ओपनला बारावीच्या पीसीएममध्ये ४५ टक्के लागतात आणि राखीव प्रवर्गाला ४०. ते नसले तर ९८ पर्सेंटाइलसुद्धा घरी ठेवायचा.

प्रश्न: माझी नात मेलबर्नला असते. तिला बारावीला स्पेशालिस्ट मॅथ्समध्ये ५० पैकी ३२ मिळाले. मला वाईट वाटलं, तर लेक म्हणते आई, हा विषय स्केल होऊन वर जातो, काळजी करू नको. मार्क आपोआप वर कसे जातात?
(एक आजी, गिरगाव)

उत्तर: आजी, आधी तर ते ३२ म्हणजे ६४ टक्के नाहीत. तिथल्या व्हिक्टोरिया राज्यात प्रत्येक विषयाचा स्टडी स्कोर ५० पैकी देतात आणि मधला आकडा ३० असतो, साधारण दोन तृतीयांश मुलं २३ ते ३७ च्या मध्ये असतात. म्हणजे नात तिच्या विषयात मधल्या रेषेच्या वरच आहे, आणि हा विषय घेणारी मुलं मुळातच गणितात तयार असतात.

हेच स्केलिंगचं मूळ आहे. एखादा विषय घेतलेली मुलं त्यांच्या बाकीच्या विषयांत कशी आहेत ते बघतात. ती सगळीकडे भारी असतील तर या विषयात मधली जागा मिळवणंही जास्त कठीण, म्हणून तो स्कोर वर नेतात, आणि उलट असेल तर खाली आणतात. स्पेशालिस्ट मॅथ्स वर जातो ही लेकीची माहिती बरोबर आहे. मग इंग्रजी आणि बाकीचे सगळ्यात चांगले तीन विषय पूर्ण धरतात, पाचव्या-सहाव्या विषयाचे १० टक्के मिळवतात, आणि त्या बेरजेवरून सगळ्या मुलांची रांग लावून अटार नावाचा आकडा देतात, जास्तीत जास्त ९९.९५. तोही टक्का नाही, रांगेतली जागाच. मला यातलं एक फार पटतं, अवघड विषय घेतला म्हणून मूल मागे पडू नये याची तिथे निदान काळजी घेतलीय. आपल्याकडे मार्क मिळवून देणारा विषय घे असं मुलांना सांगावं लागतं, ते मला आवडत नाही.

प्रश्न: मुलगा सीबीएसईचा, ८८ टक्के. पुतण्या एचएससीचा, ९१. मुंबईत बीकॉमला अर्ज करताना दोन्ही बोर्डांचे मार्क एका मापात आणतात का?
(एक आई, दादर)

उत्तर: नाही ताई, बीए, बीएससी, बीकॉमसारख्या साध्या डिग्रीला बहुतेक कॉलेजं मार्कशीटवरचे टक्के जसेच्या तसे धरतात. ८८ ते ८८.

बोर्डांची तुलना करायचे प्रयत्न झालेत, आणि मुंबईकर पालकांना ते आठवत असतील, अर्थात ते अकरावीसाठी होते. २००८ साली राज्य सरकारने पर्सेंटाइलचा फॉर्म्युला आणला, तो हायकोर्टात टिकला नाही. २००९ ला एसएससीच्या मुलांना ९० टक्के जागा देणारा ९०:१० कोटा आणला, तोही रद्द झाला, आणि मग बेस्ट ऑफ फाइव्ह, म्हणजे सगळ्यात चांगल्या पाच विषयांचेच मार्क धरणं, आलं. देशपातळीवर एनआयटी या केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रवेशात २०१३ ते २०१६ बारावीच्या मार्कांना ४० टक्के वजन होतं, ते बोर्डानुसार पर्सेंटाइल काढून समान करून घेत, पण २०१७ पासून तेही बंद झालं. मला विचाराल तर दोन बोर्डांचे टक्के सरळ शेजारी ठेवणं बरोबर नाही, पण आज नियम तोच आहे. त्यामुळे मुलगा आणि पुतण्या यांची तुलना घरात करू नका, आणि मुलाने युनिव्हर्सिटीच्या साइटवर प्री-ॲडमिशन रजिस्ट्रेशन आधी करून ठेवावं. इनहाउस (त्याच संस्थेच्या ज्युनिअर कॉलेजातल्या मुलांच्या) किंवा मायनॉरिटी कोट्यात बसत असेल तर फॉर्ममध्ये ते टिक करायला विसरू नका, त्याची यादी वेगळी लागते.