वहीत रोज ‘वरीलप्रमाणे’

“मॅडम, सगळं आहे माझ्याकडे. तरी आतून कृतज्ञ वाटत नाही. माझ्यातच काही खोट आहे का?”

समुपदेशनात हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येत राहतो. इथे तो विचारणाऱ्या बाई 43 वर्षांच्या, हिशेब तपासण्याच्या कामात मुरलेल्या. घरी पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेले वडील. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) रोज झोपण्यापूर्वी दहा गोष्टींबद्दल आभार लिहायचे, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं आणि तीन महिने एकही खाडा न करता ते पाळलं.

वही त्या सोबतच घेऊन आल्या होत्या. पहिली चार पानं टपोऱ्या अक्षरात: घर आहे, नोकरी आहे, मुलं निरोगी आहेत, बाबा डोळ्यांसमोर आहेत. पुढे अक्षर बारीक होत गेलेलं. अकराव्या पानावर नुसती तारीख आणि तिच्यापुढे ‘वरीलप्रमाणे’. नंतरची बहुतेक पानं तशीच. हिशेबाच्या माणसाने दुसरं काय करावं! नोंद रोज होत होती, जमा काहीच होत नव्हतं.

पहिली अडचण दहा या आकड्यातच होती. 1991 मध्ये मानसशास्त्रज्ञ नॉर्बर्ट श्वार्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. आपण ठामपणे वागलो असे 6 प्रसंग काहींना आठवायला सांगितले, तर काहींना 12. बारा प्रसंग आठवणाऱ्यांनी स्वतःला कमी ठाम ठरवलं. आठव्या-नवव्या प्रसंगाशी दमछाक होते आणि मन परस्पर निष्कर्ष काढतं, की इतकं खरवडून काढावं लागतंय म्हणजे मी तशी नसेनच. कृतज्ञतेच्या लांबलचक यादीतही हेच होत असावं. खोट बाईंमध्ये नव्हती, यादीच्या लांबीत होती.

दुसरी अडचण रोजचेपणाची. रोज लिहून काहींना फायदा होतोही. पण मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या 6 आठवड्यांच्या एका अभ्यासात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचं समाधान वाढलं, तीनदा लिहिणाऱ्यांचं वाढलं नाही. ज्यांची यादी ‘वरीलप्रमाणे’वर आली आहे, त्यांनी खुशाल आठवड्यातून एक-दोनदाच लिहावं, आणि एका वेळी जास्तीत जास्त तीन गोष्टी.

आता खरी गोम. ‘घर आहे, मुलं आहेत’ हा ताळेबंद झाला. कृतज्ञता ताळेबंदाला चिकटत नाही, प्रसंगाला चिकटते. म्हणून लिहिताना तीन गोष्टी यायला हव्यात: नेमकं काय घडलं, ते घडावं म्हणून कुणी काय केलं, आणि त्या क्षणी शरीरात काय जाणवलं. ‘चांगले सहकारी आहेत’ याऐवजी बाईंनी पुढच्या वेळी लिहून आणलं: ‘पावणेतीनला ती स्वतःहून म्हणाली, तू औषधं घेऊन ये, हे मी बघते. तिचं स्वतःचं काम अर्धं पडलं होतं. माझे खांदे खाली आले.’ एवढी एक नोंद जुन्या तीस पानांपेक्षा वजनदार आहे.

असा प्रसंग लिहायचा तर तो घडताना तिथे हजर असावं लागतं. बाई दिवसभर पुढच्या कामात असायच्या, मग रात्री आठवणार काय? त्यामुळे वही दोन आठवडे बंद ठेवली आणि आधी लक्ष देण्याचा सराव घेतला. वेगळी वीस मिनिटं काढा, असं त्यांना सांगणं क्रूरपणाचं ठरलं असतं. वडिलांची शुश्रूषा करताना त्या दिवसातून दहा-पंधरा वेळा हात धुतात. त्यातलं तीन वेळचं हात धुणं निवडलं.

नळ सोडला की पाणी गार आहे की कोमट, हे आधी बघायचं. मग साबणाचा बुळबुळीतपणा, एक बोट दुसऱ्यावरून सरकणं, नखांच्या कडा. नळ बंद केल्यावर उरणारा आवाज. टॉवेलचा खरखरीतपणा. अर्धा मिनिट पुरे. मधेच मन उद्याच्या बैठकीत पोहोचतं. पोहोचू द्यावं, लक्षात आलं की मनात ‘विचार’ एवढंच म्हणावं आणि बोटांवर परतावं. हे परतणं म्हणजेच सराव. मन वीसदा पळालं आणि वीसदा परत आणलं, तर वीसदा सराव झाला.

पहिल्या आठवड्यात त्या म्हणाल्या, “शांत काही वाटलं नाही.” त्या हात धुता धुता शांती आली का, हे तपासत बसल्या होत्या. हे बहुतेकांचं होतं. सरावाचं काम जाणवेल ते जाणवू देण्याचं. शांत वाटलं तर वाटलं. आणखी एक खाचखळगा: रात्री श्वासावर लक्ष ठेवलं की त्यांची छाती आवळायची. चिंताग्रस्त माणसाच्या बाबतीत हे नवल नाही. श्वासावर पहारा बसला की तो अडखळतो. अशा वेळी हट्ट धरू नये. डोळे उघडे ठेवून तळपायांचा जमिनीला होणारा स्पर्श पकडावा.

तिसऱ्या भेटीत वहीच्या पहिल्या पानांवरची एक ओळ पुन्हा निघाली: ‘बाबा डोळ्यांसमोर आहेत.’ ती वाचताना बाईंचा जबडा आवळला. मोठा भाऊ दुसऱ्या शहरात. दर रविवारी फोनवर सल्ले देतो, पण येत नाही. तीन महिने आभाराची ही ओळ त्या रागावर झाकणासारखी ठेवली जात होती. कृतज्ञतेचा असा वापर मला धोक्याचा वाटतो, आणि घरात मारहाण किंवा अपमान सोसणाऱ्या व्यक्तीला ‘आहे त्याबद्दल आभार मान’ म्हणणं तर सरळ अन्याय आहे.

मग पान उभं दुभागलं. डावीकडे काय भावलं, उजवीकडे काय खुपलं. दोन्ही जोडताना ‘पण’ लिहायचं नाही, ‘आणि’ लिहायचं. ‘पण’ आधीचं वाक्य खोडून टाकतो. उजव्या बाजूला वारंवार येणाऱ्या गोष्टीवर मात्र लिहिणं पुरत नाही, तिथे बोलावं लागतं. भावाशी बोलायचं वाक्य खोलीतच चार वेळा म्हणून पाहिलं: “दादा, महिन्यातले दोन शनिवार-रविवार तू बाबांजवळ थांब. तारखा तू ठरव.” त्याने कुरकुर केली आणि एकावर तयार झाला.

झोप, भूक आणि रोजच्या कामातला रस दोन आठवड्यांहून अधिक काळ गेलेला असेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वहीच्या भरवशावर राहू नये. तिथे मानसोपचारतज्ज्ञांची गरज असते, आणि जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी. बाईंच्या बाबतीत हे पहिल्याच भेटीत विचारून घेतलं होतं.

दोन महिन्यांनी वहीत आठवड्याला एकच नोंद होती. शेवटची अशी: ‘बाबांची नखं कापली. करंगळी धरली तेव्हा त्यांनी चांगल्या हाताने माझं मनगट दाबलं. किती वेळ, ते कळलं नाही. आणि दादाचा राग अजून आहे.’