साखरेचा पाक देऊनही मधपेट्या का रोडावतात?

प्रश्न : काटोल तालुक्यातील आमच्या संत्र्याच्या बागेत मेलीफेरा (पेटीत पाळल्या जाणाऱ्या युरोपीय) मधमाश्यांच्या आठ पेट्या आहेत. आंबिया बहरात (संत्र्याच्या जानेवारी-फेब्रुवारीतील फुलोऱ्यात) त्या भरभरून असतात. पावसाळ्यात मात्र साखरेचा पाक नियमित देऊनही पिलावा (पोळ्यातील अंडी, अळ्या व कोष) घटत जातो. साखर नसेल तेव्हा गुळाचे पाणी दिले. आहारात काय चुकते आहे?
– एक वाचक, जि. नागपूर

उत्तर : आपण पाक वेळेवर देता म्हणून माश्या उपाशी मरत नाहीत, पण त्यांचे पोषणही होत नाही, आणि पिलावा घटण्याचे कारण बहुधा हेच आहे. मकरंद किंवा साखर केवळ ऊर्जा पुरवते. प्रथिने, मेद, जीवनसत्त्वे आणि खनिजे परागकणांतूनच मिळतात. कोवळ्या कामकरी माश्या पोळ्यात साठवून आंबलेला पराग खातात, तेव्हाच त्यांच्या डोक्यातील ग्रंथींमधून अळ्यांचे अन्न स्रवते. पराग तुटला की या ग्रंथी आक्रसतात, आणि टंचाई वाढली तर माश्या स्वतःच कोवळ्या अळ्या खाऊन टाकतात. राणी आणि कामकरी एकसारख्याच अंड्यांतून जन्मतात, त्यांच्यातील फरक अळीपणी मिळालेल्या अन्नाने पडतो. यावरून आहाराचे महत्त्व लक्षात यावे.

परागही एकाच पिकाचा असून भागत नाही. मधमाशीला दहा अमिनो आम्ले (प्रथिने ज्यांपासून बनतात ते घटक) अन्नातूनच मिळावी लागतात, असे संशोधक डी ग्रूट यांनी १९५३ साली दाखवले. मक्याच्या परागात त्यांपैकी हिस्टिडिन फारच कमी असते. आपल्याकडची कपाशी मकरंद देते, पण तिचे काटेरी परागकण माश्या सहसा गोळा करत नाहीत, त्यामुळे चहूकडे हिरवे शिवार असूनही पेटीत परागाचा दुष्काळ असू शकतो. म्हणून बांधावर तीळ, कारळ, शेवगा, करंज, जांभूळ अशी वेगवेगळ्या काळात फुलणारी झाडे-पिके असावीत, असा माझा आग्रह आहे. पेटीला खरा आधार त्यांचाच. बाकीचे उपाय तात्पुरते.

तोवर तेल काढलेले, उष्णतेची प्रक्रिया केलेले सोयाबीनचे पीठ आणि ब्रुअर्स यीस्ट (बिअर बनवताना वापरले जाणारे, प्रथिनयुक्त यीस्ट) साखरेच्या घट्ट पाकात मळून त्याच्या लहान चकत्या पिलाव्याच्या चौकटींवर ठेवाव्यात. गूळ कृपया पूर्ण बंद करावा. त्यातील न पचणाऱ्या घटकांमुळे माश्यांना हगवण लागते. पाकासाठी पांढरी साखर गरम पाण्यात विरघळवावी, पाक आटवू नये, कारण फार तापवलेल्या साखरेत माश्यांना विषारी ठरणारे द्रव्य तयार होते. बाजारातला मधही घालू नये. त्यातून पिलाव्याच्या रोगाचे बीजाणू येऊ शकतात.

तूर फुलून माश्या पायांवर परागाचे गोळे आणू लागल्या की चकत्या थांबवाव्यात, आणि मधकोठी (मध साठवण्याचा पेटीचा वरचा कप्पा) चढवण्यापूर्वी पाकही बंद करावा, नाहीतर तीच साखर आपल्या मधात उतरेल.