ग्लियाचा जर्नल क्लब आणि शनिवारचा सन्नाटा

प्रश्न: ताई, मी एमएस्सी करतेय, ठाण्यात नौपाड्याला राहते. आम्ही काही मित्रमैत्रिणींनी ग्लियल सेल्सवर (म्हणजे ग्लिया, मेंदूतल्या न्यूरॉनना साथ देणाऱ्या पेशी) जर्नल क्लब सुरू केलाय, एकत्र बसून शोधनिबंध वाचायचे, दर शनिवारी, सर वगैरे कोणी नाही, आमचं आम्हीच. पण ज्याची पाळी तोच पेपर वाचून येतो, पीपीटी दाखवतो, बाकीचे माना डोलवतात, "काही डाउट?" विचारलं की सन्नाटा, आणि मग सगळे मामलेदारची मिसळ खायला पसार. काय करू?

उत्तर: अगं, मिसळ चालू ठेव, पीपीटी बंद कर! एकाने तयारी केली की बाकीच्यांना आयतं मिळतं, मग वाचेल कोण?

त्यापेक्षा एका वेळी एकमेकांशी भांडणारे दोन पेपर घ्या, अर्ध्यांनी एक वाचायचा, अर्ध्यांनी दुसरा. ग्लियात भांडणांना तोटा नाही. 2013 चा 'सायन्स'मधला नेडरगार्ड यांच्या ग्रुपचा पेपर घे, त्यात म्हटलंय की उंदीर झोपले की मेंदूतल्या पेशी-पेशींच्या मधली जागा साठेक टक्क्यांनी वाढते आणि कचरा पटापट वाहून जातो, आणि या निचऱ्यात अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या ग्लिया पेशींच्या पायांवरचे अ‍ॅक्वापोरिन-4 हे पाण्याचे चॅनल कामाला येतात असं त्यांचं म्हणणं. आणि समोर ठेव 2024 चा 'नेचर न्यूरोसायन्स'मधला लंडनच्या इम्पीरियल कॉलेजवाल्यांचा, तेही उंदीरच, पण निष्कर्ष बरोब्बर उलटा, झोपेत आणि भूल दिल्यावर निचरा कमी होतो म्हणे. आता बसा भांडत. निचरा मोजायचा डाय (रंग) कुठे टोचला, मोजला कुठे, आत किती गेला ते बघितलं की बाहेर किती आला ते, हे सगळं मेथड्समध्ये आहे आणि तो भाग कोणी धड वाचत नाही (मोठे मोठे प्रोफेसरसुद्धा, नाव नको घ्यायला).

दुसरं, फिगरखालचं कॅप्शन झाकून प्रिंट वाटा आणि विचारा, काय दिसतंय? जीएफएपी (अ‍ॅस्ट्रोसाइटमधलं एक प्रथिन) रंगवून दिसणारा अ‍ॅस्ट्रोसाइट दाखवला की सगळे म्हणतील चांदणी. पण जीएफएपी पेशीचा फक्त सांगाडा दाखवतं, खरी पेशी दाट झुडपासारखी पसरलेली असते, आणि कॉर्टेक्समधल्या (मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या) बऱ्याच अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये तर जीएफएपी नीट दिसतच नाही. मग "जीएफएपी वाढलं म्हणजे पेशी वाढल्या" असं कुठे लिहिलेलं दिसलं की तुमच्यातला सगळ्यात गप्प मुलगासुद्धा हात वर करेल बघ.

आणि हो, एका बैठकीला दोन-तीन फिगर पुरे, अख्खा पेपर संपवायचा हट्ट नको.

प्रश्न: मेंदूत ग्लिया न्यूरॉनच्या दहापट असतात असं क्लासच्या नोट्समध्ये आहे. खरं का? (वाचक, ऐरोली)

उत्तर: नाही हो. 2009 मध्ये ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हाउझेल यांच्या टीमने चार पुरुषांच्या मेंदूंचं चक्क सूप करून केंद्रकं मोजली, साधारण 86 अब्ज न्यूरॉन आणि बाकीच्या पेशी 85 अब्ज, त्यातही रक्तवाहिन्यांच्या पेशी धरलेल्या. म्हणजे फार तर एकास एक. भागाभागात फरक पडतो, छोट्या मेंदूत (सेरेबेलममध्ये) न्यूरॉनच भरमसाट, कॉर्टेक्समध्ये ग्लिया जास्त. पण दहापट? नोट्स बदलायला सांगा.