फोरॅमिनिफेराची कवचं : धुण्यापासून सामूपर्यंत

मागच्या अंकात फोरॅमिनिफेरा या एकपेशीय समुद्री जीवांवर लेख होता. खसखशीच्या दाण्याहून लहान अशी त्यांची कॅल्साइटची कवचं तळाच्या गाळात लाखो वर्षं टिकतात आणि ज्या पाण्यात ती घडली त्या पाण्याच्या रसायनाची खूण त्यांच्यात राहते, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी समुद्राचा सामू घसरला, असं लेखात होतं. त्या काळच्या पाण्याचा थेंबही हाती नसताना सामू मोजतात कसा? (एक शिक्षिका, नाशिक)

बोरॉनवरून. समुद्राच्या पाण्यात बोरॉन दोन रूपांत असतं, बोरिक आम्ल आणि बोरेट. सामू, म्हणजे पीएच, वाढला की बोरेटचा वाटा वाढतो. बोरॉनची स्थिर समस्थानिकंही दोन, बोरॉन-१० आणि बोरॉन-११. त्यातलं जड बोरॉन-११ बोरिक आम्लाकडे जास्त जातं, म्हणून या दोन रूपांच्या समस्थानिक आकड्यांत (बोरॉन-११ चं बोरॉन-१० शी असलेलं प्रमाण ठरलेल्या मानक नमुन्यापेक्षा हजारी किती जास्त, ते सांगणारा आकडा) सुमारे २७ दर हजारी एवढं अंतर राहतं. कवच बांधताना जीव मुख्यतः बोरेट आत घेतो, आणि मोजमापाचा सगळा आधार हाच आहे. आजच्या समुद्रातल्या एकूण बोरॉनचा आकडा ३९.६ दर हजारी आहे. सामू ८.१ असेल तर बोरेटचा आकडा साडेअठराच्या आसपास येतो, सामू ८.० झाला की साडेसतराच्या. म्हणजे सामूत ०.१ चा फरक पडला तर आकडा साधारण १ दर हजारीने सरकतो. चांगल्या उपकरणावर ०.२ दर हजारीपर्यंतचा फरक विश्वासाने मोजता येतो.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवायला हव्यात. ग्लोबिजेरिनॉयडीस रुबरसारख्या जातींच्या अंगावर सहजीवी शैवाल असतं. दिवसा ते कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि कवचालगतच्या पाण्याचा सामू आसपासच्या समुद्रापेक्षा चढतो. म्हणून प्रत्येक जातीचं समीकरण वेगळं असतं, आणि एका जातीचं दुसरीला लावलं की उत्तर चुकतं. दुसरं म्हणजे बोरॉन समुद्रात एक ते दोन कोटी वर्षं टिकून राहतं. काही लाख वर्षांच्या अभ्यासात ३९.६ हा आकडा स्थिर धरायला हरकत नाही, पण ५ कोटी वर्षांमागे तो हाच होता असं धरता येत नाही. म्हणून त्या घटनेसाठी आम्ही सामूच्या मूळ किमतीपेक्षा त्यातल्या घसरणीवर जास्त भरवसा ठेवू. उत्तर पॅसिफिकमधल्या शात्स्की उंचवट्यावरच्या कवचांवरून २०१४ मध्ये ती घसरण सुमारे ०.३ निघाली. या निष्कर्षाला पूर्णपणे वेगळ्या वाटेने पुष्टी मिळते. दक्षिण अटलांटिकमधल्या वॉल्व्हिस रिज या समुद्रतळावरच्या डोंगररांगेवर २००३ मध्ये काढलेल्या गाभ्यांत (तळात नळी खुपसून काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्यांत) याच काळाच्या थरात पांढरा चुनखडीयुक्त गाळ एकाएकी थांबतो आणि लालसर चिकणमाती लागते. तिच्यात कॅल्शियम कार्बोनेट एक टक्क्याहूनही कमी आहे. तळाचं पाणी आम्लतेकडे इतकं झुकलं होतं की कवचं तिथे पोहोचली तरी विरघळून गेली.

प्रश्न : अरबी समुद्राच्या गाळातल्या ग्लो. रुबरमध्ये मला मॅग्नेशियम-कॅल्शियम गुणोत्तर ७.४ मिलिमोल प्रति मोल मिळतं. त्यावरून तापमान ३३ अंश निघतं, जे पटत नाही. चूक कुठे असेल? (भूविज्ञानाचा विद्यार्थी, पुणे)

तुमचा संशय रास्त आहे. पाणी जितकं गरम तितकं कवचात मॅग्नेशियम जास्त शिरतं, म्हणून या गुणोत्तरावरून तापमान काढतात. नेहमीच्या समीकरणात गुणोत्तर म्हणजे ०.३८ गुणिले ई चा (०.०९ × तापमान) घात. त्यानुसार २७ ते २८ अंशांना ४.३ ते ४.७ मिळायला हवं. पाणी एका अंशाने तापलं की गुणोत्तर ९ टक्क्यांनी वाढतं, त्यामुळे नमुन्यात राहिलेला थोडासा गाळही काही अंशांची चूक करून ठेवतो. अरबी समुद्रात सिंधूची चिकणमाती आणि वाऱ्याने आलेली धूळ भरपूर असते. या दोन्हींत मॅग्नेशियम पुष्कळ असतं आणि कवचाच्या कप्प्यांत ती घट्ट बसते.

आधी त्याच द्रावणातले ॲल्युमिनियम आणि लोह तपासा. लोह-मॅग्नेशियम गुणोत्तर ०.१ मोल प्रति मोलच्या वर असेल तर नमुना बाद धरा. मग सगळ्या नमुन्यांचा आलेख काढा. ॲल्युमिनियम-कॅल्शियम वाढतं तसं मॅग्नेशियम-कॅल्शियमही वाढत असेल, तर तुम्ही समुद्राचं तापमान मोजत नाही आहात, धुलाईचा दर्जा मोजत आहात.

आता धुलाईकडे वळू. २५० ते ३५५ मायक्रॉन आकाराची ३०-४० कवचं घ्या. एक कवच साधारण १० ते १२ मायक्रोग्रॅम भरतं, म्हणजे एकूण ३०० ते ४८० मायक्रोग्रॅम माल होतो. दोन काचपट्ट्यांमध्ये हलक्या हाताने दाबून प्रत्येक कप्पा उघडेल एवढंच फोडा. सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. कप्पे बंद राहिले तर आतली माती निघत नाही, आणि पीठ झालं तर पुढे पाणी ओढताना निम्मा माल वाहून जातो. तुकडे अर्ध्या मिलिलिटरच्या नळीत घालून अतिशुद्ध पाणी भरा, अल्ट्रासोनिक बाथमध्ये एक-दोन मिनिटं ठेवा. बाहेर काढल्यावर तुकडे काही सेकंदांत खाली बसतात, माती मात्र दुधाळ ढगासारखी तरंगत राहते. ती पुन्हा बसायच्या आत वरचं पाणी पिपेटने ओढून घ्या. बहुतेक नवशिके इथे थांबून पाणी नितळ व्हायची वाट पाहतात आणि तीच माती परत तुकड्यांवर बसते. हे चार-पाच वेळा करा, मग दोनदा मिथेनॉलने. मिथेनॉल पाण्याहून पातळ असल्याने चिकटलेले कण सुटतात. शेवटी परत पाण्याने धुवा.

त्यानंतर सेंद्रिय पदार्थ काढायचे. ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळून उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, आणि ही पायरी एकदा पुन्हा करा. पेरॉक्साइड नुसतं वापरू नका, ते आम्लधर्मी असतं आणि कवच खातं. मग तुकडे नव्या नळीत घ्या आणि ०.००१ मोलर नायट्रिक आम्लाने अर्धा मिनिट धुवा. त्यानंतर ०.०७५ मोलर नायट्रिक आम्लात विरघळवा. विरघळल्यावर सेंट्रिफ्यूज फिरवून वरचं द्रावण लगेच दुसऱ्या नळीत काढा. तळाशी उरलेली माती आम्लात पडून राहिली तर मॅग्नेशियम सोडत राहते. आमच्या मते तुमची चूक इथे किंवा पाणी ओढण्याच्या पायरीत असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे.

ॲल्युमिनियम कमी आणि मँगनीज जास्त निघालं, तर कवचांवर धातूंचा लेप आहे. तो काढायला हायड्राझीनची धुलाई असते. पण ती कवचातलं मॅग्नेशियमही १०-१५ टक्के कमी करते, म्हणजे तापमान सव्वा ते पावणेदोन अंशांनी खाली येतं. म्हणून एकाच गाभ्यातले काही नमुने या पद्धतीने आणि काही त्या पद्धतीने, असं कधीही करू नका. क्षारतेमुळे असं झालं असेल का, हा विचारही मनात येईल. क्षारता एका एककाने वाढली तर गुणोत्तर ३-४ टक्के चढतं, म्हणजे अर्ध्या अंशाहूनही कमी. त्यातून पाच अंशांचा फरक निघत नाही. खोल पाण्यात कवच विरघळत असेल तर परिणाम उलटा होतो, मॅग्नेशियमयुक्त भाग आधी जातो आणि तापमान खोटंच थंड दिसतं.

प्रश्न : त्याच कवचांवर बोरॉनही मोजता येईल का? (तोच विद्यार्थी)

त्याच तुकड्यांवर नाही, वेगळी कवचं लागतील. कवचात बोरॉन दशलक्ष भागांत १० ते २० भाग एवढंच असतं. २ मिलिग्रॅम मालातून २० ते ४० नॅनोग्रॅम मिळतं, आणि त्यासाठी दोनशेच्या आसपास कवचं वेचावी लागतात. खरी अडचण हवेची आहे. स्वच्छ खोलीतले नेहमीचे हवा-फिल्टर बोरोसिलिकेट काचेच्या धाग्यांचे असतात आणि ते स्वतःच हवेत बोरॉन सोडतात. म्हणून बोरॉनविरहित फिल्टर लावतात आणि काचेची भांडी टाळून सगळं टेफ्लॉनमध्ये करतात. तुमचे नमुने कुणी टाकणखार घालून टिकवलेल्या फॉर्मालिनमध्ये ठेवले असतील, तर त्यांवर बोरॉनचं काम करूच नका. टाकणखार म्हणजे बोरॉनचंच संयुग.

प्रश्न : गाळाच्या एका सेंटिमीटरमध्ये किती वर्षं असतात? (एक वाचक, सांगली)

खुल्या समुद्रात गाळ हजार वर्षांत दोन ते पाच सेंटिमीटर साचतो. त्यात तळावरचे किडे वरचे सुमारे दहा सेंटिमीटर सतत खालीवर करतात. तेव्हा हजार वर्षांत तीन सेंटिमीटर साचणाऱ्या ठिकाणी तीन हजारांहून जास्त वर्षांचा काळ एकमेकांत मिसळलेला असतो आणि शंभर वर्षांचा बदल तिथे शोधण्यात अर्थ नाही. अरबी समुद्रात काहीशे मीटर खोलीवर प्राणवायू फार कमी असलेला पट्टा आहे. तिथे किड्यांची घुसळण कमी होते आणि काही जागी थर जसेच्या तसे राहतात. वय ठरवायला त्याच जातीची कवचं किरणोत्सारी कार्बनसाठी देतात, पण ही पद्धत साधारण ५० हजार वर्षांपर्यंतच चालते. शिवाय तळातून वर येणाऱ्या पाण्यातला कार्बन जुना असतो, त्यामुळे वय काहीशे वर्षांनी जास्त दिसतं आणि ते वजा करावं लागतं.

सिंधूच्या पंख्यावर, म्हणजे नदीने समुद्रतळावर पंख्यासारख्या पसरलेल्या गाळावर, आणखी एक धोका आहे. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय मोहिमेने अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात, साडेतीन किलोमीटरहून खोल पाण्याखाली, दोन ठिकाणी गाभे काढले. अशा गाळात उतारावरून घसरून आलेले वाळूचे थर असतात आणि त्यांत जुनी कवचं नव्यांच्या शेजारी येऊन बसतात. तिथे कवचं वेचायच्या आधी थरांची छायाचित्रं नीट पाहावी लागतात.

प्रश्न : आमच्या खाडीत फोरॅमिनिफेरा मिळतील का? शाळेत दाखवायचे आहेत. (एक विज्ञान शिक्षक, रत्नागिरी)

जरूर मिळतील, फक्त ते प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे, नसतील. खाडीत तळावर राहणाऱ्या जाती असतात, मुख्यतः अमोनिया (वायू नव्हे, फोरॅमिनिफेराच्याच एका गटाचं नाव) आणि एल्फिडियम. ओहोटीला चिखलाचा वरचा एक सेंटिमीटर चमच्याने खरवडून घ्या. ६३ मायक्रॉनची चाळणी नसेल तर दाट विणीच्या नायलॉनच्या कापडातून धुवा, चहाच्या गाळणीतून कवचं निसटतात. चाळणी दोन नमुन्यांमध्ये मिथिलीन ब्लूच्या द्रावणात बुडवली तर जाळीत अडकलेली आधीची कवचं निळी होतात आणि पुढच्या नमुन्यात लगेच ओळखू येतात. प्रयोगशाळांत हीच पद्धत आहे. गाळ सावलीत वाळवा, काळ्या कागदावर पातळ पसरा आणि ४० पट दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघा. ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक उचलता येतं. ओला चिखल बाटलीत महिनाभर ठेवू नका. सेंद्रिय पदार्थ कुजून पाणी आम्लधर्मी होतं आणि कवचं नाहीशी होतात. ठेवायचाच असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा घाला.

या कवचांवरून महासागराचं रसायन मात्र काढू नका. पावसाळ्यात खाडीचं पाणी जवळजवळ गोडं होतं आणि उन्हाळ्यात पुन्हा खारं, त्यामुळे त्यांच्यात खाडीचीच नोंद असते. विद्यार्थ्यांना करून पाहायचं असेल तर याच फरकावर काम होईल: एकाच जागेचा गाळ मे आणि सप्टेंबरमध्ये घ्या, प्रत्येकी ३०० कवचं मोजा आणि कोणती जात वाढली, कोणती घटली ते लिहून ठेवा.