‘दुर्लक्ष कर’ म्हणण्याआधी

न्यू जर्सीच्या एका ताईंचा प्रश्न: मुलगा २१ वर्षांचा, दुसऱ्या राज्यात कॉलेजला. तिथे त्याच्या रंगावरून, नावावरून सारखे टोमणे मारतात. वडील म्हणाले, ‘दुर्लक्ष कर, अभ्यासाकडे बघ.’ तेव्हापासून तो फोनवर ‘हो’, ‘बरं’ एवढंच बोलतो. रात्री झोपही लागत नाही म्हणे. काय करू?

ताई, त्याचे वडील वाईट हेतूने बोलले नाहीत. नोकरीच्या व्हिसावर असताना त्यांनीही असंच गिळलं असेल. पण ते भारतात वाढले. अगदीच असह्य झालं तर परत जायला त्यांना घर होतं. मुलाचं घर अमेरिकाच आहे. तिथेच ‘तू मूळचा कुठला?’ असं ऐकावं लागलं, तर त्याने जायचं कुठे?

आणि झोप उडणं हा नाजूकपणा नव्हे. यूसीएलए या अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी १८ ते २८ वयाच्या १,८३४ अमेरिकन तरुणांची माहिती तपासली. तो अभ्यास २०२१ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. महिन्यातून काही वेळा तरी भेदभाव सोसणाऱ्यांत मानसिक आजाराचं निदान होण्याची शक्यता सुमारे २५ टक्के जास्त दिसली, तीव्र मानसिक ताणाची जवळजवळ दुप्पट.

आता फोन वडिलांनीच करावा. ‘मी घाईत बोललो, मला सगळं ऐकायचंय’ एवढं पुरे. मग मध्ये न बोलता ऐकावं. ‘तू काय केलं होतंस?’ हे तर विचारूच नये. स्वतःचे अनुभव जरूर सांगावेत, पण ‘आम्ही नाही का सोसलं?’ हे शेपूट न लावता.

झोपेची तक्रार दोन-तीन आठवडे टिकली तर कॉलेजच्या समुपदेशकाकडे जायला सांगा. २६ वर्षांपर्यंत तो तुमच्या आरोग्यविम्यावर राहू शकतो. मात्र तो सज्ञान आहे, त्याच्या परवानगीशिवाय डॉक्टर सहसा तुम्हाला काही सांगणार नाहीत. त्याच्या उपचारांबद्दल विमा कंपनीचं पत्र घरी आलं तरी त्यावरून उलटतपासणी नको. मरणाची भाषा कानावर आली तर थांबू नका. ९८८ या अमेरिकेतल्या आत्महत्या-प्रतिबंध मदतवाहिनीवर रात्री-अपरात्रीही फोन किंवा मेसेज करता येतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगते. आपल्या जेवणाच्या टेबलावर, मंडळाच्या गणपतीत कृष्णवर्णीयांबद्दल, कुणाच्या जातीबद्दल काय बोललं जातं? अमेरिकेतल्या सिएटल शहराने २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी आणली, ती आपल्यासारख्यांच्याच वागण्यामुळे. ते बोलणं ऐकत मोठा झालेला मुलगा स्वतःचा अपमान तुम्हाला कोणत्या भरवशावर सांगेल? तेवढं घरात आजच बंद करा.