उल्का, अशनी की नुसतीच 'जळती वस्तू'?

प्रश्न असा आला आहे: "लोणार सरोवर कुठे उल्कापाताने झालं असं वाचते, कुठे अशनिपाताने, तर कुठे लघुग्रह आदळून. बरोबर काय? आणि अशनी लिहायचं की अशनि?"

लोणारपुरतं उत्तर: अशनिपात. पण हा घोळ माझ्या पोटापाण्याचा असल्याने जरा सविस्तर लिहिते. विज्ञानाच्या बातम्या लिहिणाऱ्याला आकाशातून काही पडलं की पहिल्या तासाभरात शब्द निवडावा लागतो, आणि तेव्हा वस्तू नेमकी काय आहे हे कोणालाच ठाऊक नसतं.

सूर्याभोवती फिरणारा मोठा खडक म्हणजे लघुग्रह. पहिला सापडला तो सेरेस, १ जानेवारी १८०१ रोजी. खडक अगदी लहान असेल तर त्याला मराठीत पक्कं नाव रुळलेलं नाही. त्यालाही उल्काच म्हणून मोकळे होतात. काटेकोरपणे पाहिलं तर उल्का म्हणजे दगड नव्हे, वातावरणात शिरताना उमटणारी ती तेजाची रेघ. संस्कृतातही उल्का म्हणजे आगीचा लोळ, पेटती चूड. ऑगस्टमध्ये ययाती तारकासमूहातून जो वर्षाव होतो, त्यातले बहुतेक कण वाळूएवढे असतात आणि शंभरेक किलोमीटर उंचीवरच संपतात. त्यामुळे 'शेतात उल्का सापडली' हे वाक्य मला खटकतं. रेघ शेतात सापडत नाही. जमिनीपर्यंत पोचतो तो अशनी. मूळ अर्थ वज्र, इंद्राचं ते. शब्द घडवणाऱ्यांनी फार विचार करून निवडलेला दिसतो.

मग वर्तमानपत्रांत सगळीकडे उल्काच का? एक कारण अगदी साधं आहे: मथळ्यात मावते. 'अशनी' लिहिलं की उपसंपादक विचारतात, वाचकांना कळेल का? लोणारच्या बातमीत दर वेळी सांगून दिलं असतं, तर आतापर्यंत कळलं असतं.

२०२२ सालच्या गुढीपाडव्याची, २ एप्रिलची संध्याकाळ आठवत असेल. पावणेआठच्या सुमारास विदर्भापासून खानदेशापर्यंत लोकांनी आकाशात जळत जाणारे गोळे पाहिले. नागपूरहून मावशीचा फोन आला, "अगं, तारा तुटला म्हणावं तर हा संपेचना! गच्चीवरच्या सगळ्यांना हाका मारून बोलावलं, तरी चाललाच होता." माझं काम तिनेच करून टाकलं. उल्केचा वेग सेकंदाला किमान ११ किलोमीटर, बहुतेकदा त्याहून बराच जास्त. ती बोट दाखवेपर्यंत विझते. पृथ्वीभोवती फिरणारा भंगार मात्र सेकंदाला आठेक किलोमीटरच्या आत, जवळजवळ आडवा शिरतो, तुकडे होत रेंगाळत जातो. पुढे चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं सापडलं. चिनी रॉकेटचा टप्पा असावा, असं अभ्यासकांनी सांगितलं. तोवर 'विदर्भात उल्कापात' असे मथळे बऱ्याच ठिकाणी झळकून गेले होते. मी 'जळती वस्तू' लिहिलं होतं. मावशीला ते फारच मिळमिळीत वाटलं आणि तसं तिने ऐकवलंही.

त्याच वर्षी १७ ऑगस्टला गुजरातेत बनासकांठा जिल्ह्यात मात्र खरोखर अशनी पडले. रांटीला गावात एक तुकडा कडुनिंबाच्या फांदीवर आपटून फुटला. तिथे 'अशनी' लिहायला कसलीच हरकत नव्हती, दगड हातात होता.

आता लोणार. बेसॉल्टमधलं, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकातलं, हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आहे. ज्वालामुखीचं की आघाताचं, हा वाद बरीच वर्षं चालला. तिथे सापडलेली मॅस्केलिनाइट ही काच प्रचंड दाबाच्या धक्क्यानेच होते, म्हणून निवाडा आघाताच्या बाजूने लागला. वयाचा निवाडा तितका सरळ नाही: एका पद्धतीने पन्नासेक हजार वर्षं, दुसरीने पावणेसहा लाखांच्या आसपास. आदळलेल्या दगडाचा मोठा तुकडा काही हाती आलेला नाही. 'लहान लघुग्रह आदळला' म्हणणं चूक नाही, ते त्या वस्तूचं आदळण्यापूर्वीचं नाव. 'उल्कापात' मात्र मी लिहीत नाही, नुसत्या तेजाच्या रेघेने एवढा खड्डा पडत नाही.

राहिलं लेखन. सुटा शब्द 'अशनी', दीर्घ. समासात आधी आला की ऱ्हस्व: अशनिपात, जसं कवी आणि कविराज. सामान्यरूप पुन्हा दीर्घ, अशनीचा. संस्कृतात हा शब्द पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी दोन्ही चालतो. मी 'तो अशनी' लिहिते, कारण मनात दगड असतो. कोणी 'ती' लिहिली तर भांडणार नाही. भांडण राखून ठेवलंय ते 'उल्का सापडली'साठी.