कर्णिका म्हणावे की अलिंद?

प्रश्न असा आहे: "आमच्या वेळी शाळेत हृदयाचे वरचे कप्पे म्हणजे कर्णिका आणि खालचे म्हणजे जवनिका असे शिकवले. मुलीच्या पुस्तकात अलिंद आणि निलय आहे. परवा सासूबाईंच्या टूडी एकोच्या रिपोर्टवर 'नो एलए/एलएए क्लॉट' असे लिहून आले आणि त्यांना मराठीत समजावताना माझे अडले. कर्णिका आणि अलिंद एकच ना? मग हे एलएए काय?"

आधी उत्तर देऊन टाकतो. एकच नव्हेत, निदान आता तरी नाहीत. अख्खा कप्पा तो अलिंद आणि त्या कप्प्याला लागून जी छोटी पिशवी असते ती कर्णिका. एलए म्हणजे डावे अलिंद, एलएए म्हणजे त्याची कर्णिका. दोन्हींत रक्ताची गुठळी दिसली नाही, एवढेच त्या ओळीत म्हटले आहे. सासूबाईंना इतके सांगितले तरी पुरे.

शब्दांचा घोळ आपण केलेला नाही, तो आयात झालेला आहे. लॅटिनमध्ये ऑरिक्युला म्हणजे छोटा कान. मटणाच्या दुकानात बोकडाचे हृदय मिळाले तर एकदा नीट बघा: वरच्या बाजूला दोन्हीकडे सुरकुतलेल्या, कडेला दातेरी अशा दोन पाळ्या लोंबताना दिसतात. कान म्हणावेसे वाटले त्या ह्याच. पण जुन्या इंग्रजी वैद्यकात पाळीचे नाव सगळ्या कप्प्यालाच चिकटले आणि वरचा कप्पा म्हणजे ऑरिकल असे होऊन बसले. १९०९ साली लंडनच्या थॉमस लुईस यांनी ज्या विकारावर लिहिले त्याला तेव्हा 'ऑरिक्युलर फिब्रिलेशन' म्हणत. आज तोच विकार 'एट्रियल फिब्रिलेशन' म्हणून ओळखला जातो. कर्णिका हा त्या जुन्या ऑरिकलचा मराठी अवतार. पुढे इंग्रजीने कप्प्याला एट्रियम आणि पाळीला ऑरिकल अशी वाटणी पक्की केली. मराठीत मात्र अलिंद आले आणि कर्णिका सरळ मोडीत निघाली. माझे म्हणणे एवढेच की ती मोडीत काढायचे कारण नव्हते. तिच्यासाठी जागा रिकामी आहे, आणि ती जागा महत्त्वाची आहे.

ती का, हे डावे अलिंद बघितले की कळते. हृदयाच्या चार कप्प्यांत हा सर्वांत मागचा, पाठीच्या कण्याकडचा. फुफ्फुसांतून शुद्ध रक्त आणणाऱ्या बहुधा चार शिरा यात उघडतात आणि त्यांच्या तोंडाशी झडपा नसतात. खाली डाव्या निलयात जाण्याच्या वाटेवर मात्र मायट्रल ही दोन पाळ्यांची झडप आहे. निलय आकुंचन पावत असताना ही झडप बंद असते, तेवढ्या वेळात येणारे रक्त अलिंद साठवून धरते. झडप उघडली की बरेचसे रक्त आपसूक खाली उतरते आणि शेवटी अलिंद स्वतः आकुंचून उरलेले ढकलते. निलय भरण्यातला साधारण २० ते ३० टक्के वाटा या शेवटच्या ढकलण्याचा असतो. कप्प्याच्या आतली भिंत बव्हंशी गुळगुळीत आहे. कर्णिकेत शिरलात की चित्र बदलते: कंगव्याच्या दातांसारख्या स्नायूंच्या ओळी, त्यांच्यामध्ये खाचखळगे, आणि तोंड अरुंद.

आता एट्रियल फिब्रिलेशनमध्ये काय होते बघा. अलिंद आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहते. ते शेवटचे ढकलणे बंद पडते आणि त्या खाचखळग्यांत रक्त तुंबते, गोठते. झडपेचा मोठा आजार नसलेल्या रुग्णांत डाव्या अलिंदातल्या गुठळ्यांपैकी दहातल्या नऊच्या आसपास कर्णिकेत सापडतात. तिथली गुठळी सुटली तर निलयातून महाधमनीत आणि तिथून मेंदूत जाऊन पक्षाघात होऊ शकतो. म्हणून रिपोर्ट लिहिणारा कर्णिकेचा वेगळा उल्लेख करतो, आणि काही रुग्णांत तर तिचे तोंडच आतून बंद करतात. छातीवरून केलेल्या साध्या एकोत ही पिशवी नीट दिसत नाही. अन्ननलिका डाव्या अलिंदाला अगदी खेटून मागून जाते, म्हणून पक्की खात्री हवी असेल तेव्हा घशातून नळी उतरवून एको करतात. सासूबाईंचा एको कोणता होता, हे त्यांच्या डॉक्टरांना जरूर विचारा.

जाता जाता एक गंमत. सीटी स्कॅनमध्ये या कर्णिकेचे आकार बघून डॉक्टरांनी त्यांना नावे दिली आहेत: कोंबडीचा पंख, निवडुंग, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, फुलकोबी. कान कुठेच नाही!

अलिंद हा शब्द मात्र मला फार आवडतो. अमरकोशात तो प्रघाण आणि प्रघण यांच्या पंगतीत दाराबाहेरच्या जागेसाठी आला आहे, म्हणजे आपली ओसरी. रोमन घरातले एट्रियम हा घराच्या आतला, वर छताला मोकळी जागा ठेवलेला दिवाणखाना. तेव्हा शब्दाला शब्द ठेवला तर भाषांतर चुकलेले आहे, पण काम बघितले तर मूळ शब्दाहून सरस. आलेल्याने आधी ओसरीवर टेकायचे, दार उघडले की आत जायचे. रक्त नेमके हेच करते. अर्थात ही ओसरी अगदीच निष्क्रिय नाही. १९८१ मध्ये कॅनडात आडोल्फो द बोल्ड यांनी उंदरांच्या अलिंदाचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तेव्हा त्यांच्या लघवीतून मीठ आणि पाणी भराभर बाहेर पडले. अलिंद ताणले गेले की ते एक संप्रेरक सोडते आणि शरीरातले जादा पाणी कमी करायला लावते, हे त्यातून उलगडले.

निलयाबद्दल तितके कौतुक नाही. निलय म्हणजे घर, राहण्याचे ठिकाण. डाव्या निलयाची भिंत सेंटिमीटरभर जाड, अलिंदाची जेमतेम तीन मिलिमीटर. दर ठोक्याला ७० मिलिलिटरच्या आसपास रक्त बाहेर फेकणाऱ्या कप्प्याला विसाव्याचे नाव कोणी दिले कोण जाणे. लॅटिन व्हेंट्रिक्युलस म्हणजे छोटे पोट, तोही काही मोठा पराक्रम नाही. पण निलय रुळला आहे, राहू द्या. जवनिकेला मात्र मी परत बोलावणार नाही. जवनिका म्हणजे नाटकाचा पडदा. हृदयात पडदा असतो तो डाव्या-उजव्या कप्प्यांच्या मधे. कप्प्यालाच पडदा म्हटले तर 'पडद्याला भोक आहे' हे नेहमीचे वाक्य बोलायची पंचाईत.

राहिले लिंग. संस्कृतात अलिंद आणि निलय दोन्ही पुल्लिंगी. मराठीत 'डावा अलिंद' आणि 'डावे अलिंद' दोन्ही वाचायला मिळते. मी नपुंसकलिंगी वापरतो, कारण 'डावे अलिंद आणि त्याची कर्णिका' असे म्हटले की कुठला शब्द कशासाठी, ते ऐकताच वेगळे पडते. आणि एट्रियल फिब्रिलेशनला मराठीत काही म्हणायचेच असेल तर 'अलिंदाची थरथर' म्हणा, कर्णिकेची नको. थरथरतो तो अख्खा कप्पा.